मदत हवी आहे: गल्लीत पडदा लावून ‘पुष्पक’ दाखवावा का?

मंडळी, नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. दिवाळीनंतर आमचं तरुण मंडळ बोळाच्या तोंडाशी पडदा लावून गल्लीला एक सिनेमा दाखवणार आहे. निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. अट एवढीच की पोट धरून हसता यावं, घरी जाताना डोक्यात काहीतरी राहावं आणि भाषणबाजी नको.

अडचण भाषेची. निम्मी घरं तेलुगू, मग कानडी, उर्दू आणि आम्ही मराठीवाले. त्यात भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना, रात्रपाळी चालूच. त्या खडखडाटात भाड्याच्या स्पीकरवरचे डायलॉग काय डोंबल ऐकू येणार! म्हणून सिंगीतम श्रीनिवास रावांचा ‘पुष्पक’ सुचला. १९८७ चा, कमल हासनचा, अख्ख्या सिनेमात संवाद नाही. बेकार पोरगा एका दारुड्या श्रीमंताला कोंडून ठेवतो आणि त्याच्या जागी बड्या हॉटेलात मजेत राहतो. मारेकरी येतो तो बर्फाचा सुरा घेऊन, आणि सुरा वितळतो! भिकारी मरतो तेव्हा प्रेताकडे कुणी बघत नाही, सगळे त्याच्या नोटांवर तुटून पडतात. हॉटेलच्या शांततेत झोप येईना म्हणून हा पोरगा जुन्या खोलीजवळचा गोंगाट टेप करून आणतो, ते तर आमच्या गल्लीला समजवावं लागणार नाही. इथे लाइट गेली, माग थांबले की पाळण्यातली पोरं रडत उठतात.

आता खरी शंका. आमच्याकडच्या अक्का, अम्मा मांडीवर बिड्या वळायचं सूप घेऊनच बसणार. पानात तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा; नजर बिडीवर, कान सीरियलकडे. हजार बिड्यांवर मजुरीचा हिशोब असतो, कोण सोडेल? मुका सिनेमा कानाने कसा बघणार? संवाद नसलेला सिनेमा असा काम करणाऱ्या बायकांसमोर कुणी लावलाय का? की सूप घरी ठेवून या म्हणून आधीच सांगावं? (सांगणार कोण, हा वेगळा धागा होईल.)

दुसरं, कोंडलेल्या माणसाची घाण खोक्यात भरून, छान कागदात गुंडाळून टाकायचा प्रकार आहे त्यात. पोरं लोळतील. पण समोर जेवून आलेली मोठी माणसं, मंडळाचे अध्यक्ष वगैरे. मला तरी तो भाग कापणं पटत नाही.

तिसरं, परवानगी. तिकीट नाही, वर्गणी नाही, तरी चौकात दाखवायचं म्हणजे हक्क असणाऱ्याकडून रीतसर लेखी घ्यावं लागणार. मंडळातली पोरं म्हणतात, ‘मोबाईलवरून लाव की!’ ते मला करायचं नाही. ज्यांनी एखाद्या जुन्या सिनेमासाठी अशी परवानगी काढलीय, त्यांनी सुरुवात कुठून केली आणि साधारण किती वेळ लागला ते कळवा.

‘पुष्पक’ नकोच असं कुणाला वाटत असेल तर दुसरं नाव सुचवा, फक्त मागांच्या आवाजात चालेल असं.