मदत हवी आहे: ग्रँड कॅन्यनजवळ आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोटारगाडी) कुठे लावावी?

नमस्कार मंडळी,
ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन अमेरिकेतल्या फीनिक्सहून ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला (दरीच्या दक्षिण कड्यावर) जातोय. 25 फुटी आरव्ही भाड्याने घेतली आहे. पहिलीच वेळ आहे.

माझ्या मनात होतं की कॅन्यनजवळच्या कायबाब नॅशनल फॉरेस्टमध्येच (सरकारी जंगलात) राहावं. पाँडेरोसा पाइनची झाडी, रात्री चांदण्यांनी भरलेलं आकाश, आणि 14 दिवसांपर्यंत फुकट मुक्काम! पण तिथे ना वीज, ना पाणी. बाबा रात्री सीपॅप मशीन (झोपेत श्वास नीट चालू ठेवणारं यंत्र) लावून झोपतात. परवा मी ते मशीन बॅटरीवर लावून बघितलं, पहाटे चारला बंद पडलं. बाबा काही बोलले नाहीत, पण आई उरलेली रात्र त्यांच्या उशाशी बसून होती. तेव्हा वीज हवीच.

आता दोन पर्याय उरलेत. ग्रँड कॅन्यन नॅशनल पार्कमधला ट्रेलर व्हिलेज हा आरव्हीचा तळ, जिथे वीज, पाणी, सांडपाणी सगळं जोडता येतं, किंवा 60 मैलांवरच्या विल्यम्स गावातलं एखादं खासगी आरव्ही पार्क. विल्यम्सहून कॅन्यनला रेल्वे जाते, आईला ती फार आवडेल. पण गावाजवळून मालगाड्याही जातात. रात्री भोंग्याने झोपमोड होते का?

तिथली उंची 2,000 मीटरच्या वर आहे, रात्री पारा शून्याखाली उतरू शकतो. पाण्याचा पाइप गोठू नये म्हणून रात्री काढून ठेवायचा का? आणि आईचे गुडघे दुखतात, तर विल्यम्समध्ये सपाट, फरसबंदी जागा कुठे मिळेल?

कोणी वयस्कर आई-वडिलांना घेऊन राहिलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. बुकिंग याच आठवड्यात करायचंय.