मदत हवी आहे: काउंटर-स्ट्राइक १.६ ऑनलाइन खेळताना पीसीला धोका किती?

कोथरूडकर:
विंडोज १० चा पीसी, स्टीमवर (गेमचं ऑनलाइन दुकान) विकत घेतलेला १.६. मुलगा यादीतला सर्वांत कमी पिंगचा (म्हणजे सर्वांत पटकन उत्तर देणारा) सर्व्हर निवडतो. त्याच पीसीवर नेटबँकिंग होतं, कामाच्या फायलीही आहेत. फायरवॉल चालू आहे, राउटरवर एकही पोर्ट उघडलेला नाही. एवढं पुरे का?

औंध_लॅन:
नाही. फायरवॉल आगंतुकाला अडवते. इथे सर्व्हरला जोडणी तुम्हीच करता आणि त्याच वाटेने तो नकाशे, आवाज, स्प्रे (खेळाडू भिंतींवर उमटवतात ती चित्रं) पाठवतो. ते वाचणाऱ्या जुन्या कोडमध्ये भोक असलं की पाठवणाऱ्याचा कोड तुमच्या पीसीवर चालतो. डॉक्टर वेब या अँटिव्हायरस कंपनीने २०१९ मध्ये उघड केलेला बेलोनार्ड ट्रोजन असाच पसरला. तेव्हा स्टीमच्या यादीतले या गेमचे ३९ टक्के सर्व्हर त्याचे निघाले! लागण झालेला पीसी स्वतःच कमी पिंगचे खोटे सर्व्हर यादीत घालायचा. त्यामुळे निव्वळ पिंग बघून सर्व्हर निवडू देऊ नका.

गेमच्या कन्सोलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) सीएल_अलाउडाउनलोड ० आणि सीएल_फिल्टरस्टफसीएमडी १ द्या (इंग्रजी अक्षरांत: cl_allowdownload 0, cl_filterstuffcmd 1). पहिल्याने फायली उतरणं थांबतं, दुसऱ्याने सर्व्हरला तुमच्या सेटिंग्ज बदलता येत नाहीत. वेगळे नकाशे असलेल्या सर्व्हरवर मग जाता येणार नाही. डस्ट २ हा नकाशा गेमसोबतच येतो, त्याला अडचण नाही.

कोथरूडकर:
मुलासाठी वेगळं खातं काढलं तर?

सिंहगडरोड_नेट:
काढाच, पण स्टँडर्ड, अ‍ॅडमिन नको. एक मेख आहे: त्या खात्यातून तुमचं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स दिसत नाहीत, पण डी ड्राइव्ह सहसा सगळ्या खात्यांना उघडा असतो. कामाच्या फायली तिथे असतील तर आधी हलवा. बँकेचं काम मात्र दुसऱ्याच यंत्रावर करा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय.

मित्रांपुरतंच खेळायचं असेल तर झीरोटियरवर (लांबचे पीसी एका नेटवर्कमध्ये जोडणारं सॉफ्टवेअर) खाजगी नेटवर्क काढा, एकाने पासवर्ड लावून गेम होस्ट करावा, बाकीच्यांनी त्याच्या झीरोटियर आयपीला २७०१५ पोर्टवर जोडावं. अनोळखी सर्व्हरचा प्रश्नच मिटतो.

औंध_लॅन:
आधीच लागण झाल्याची शंका असेल तर स्टीमच्या ‘व्हेरिफाय’वर विसंबू नका. ते बिघडलेल्या फायली बदलतं, बाहेरून आलेल्या जादा फायली तशाच राहतात. गेम काढा, उरलेलं फोल्डर हाताने पुसा, पूर्ण स्कॅन करा, मगच पुन्हा टाका. पासवर्ड बदलायचे ते फोनवरून, त्या पीसीवरून नव्हे.