गाडी गरम झाल्यावर बंद पडत असेल तर क्रँक सेन्सर बघा
प्लग नवे, फ्युएल पंपही बदलला, तरी गाडी तापली की बंद पडते आणि गार झाली की मुकाट चालू होते, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून मला क्रँकशाफ्ट सेन्सरचाच (इंजिन किती वेगाने फिरतंय ते सांगणारा सेन्सर) संशय येतोय. उष्णतेने त्याच्या आतलं कनेक्शन अधूनमधून तुटतं आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सिग्नल मिळत नाही. पुढच्या वेळी बंद पडली की लगेच स्टार्टर मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. बऱ्याच गाड्यांत तो थोडा उचलतो; अजिबात हलला नाही तर संशय पक्का. सेन्सर घेण्याआधी कनेक्टर उघडून तेल, गंज आहे का ते नक्की तपासा. फक्त आयडलिंगला बंद पडत असेल तर मात्र थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करा. आणि तोवर कृपया हायवेवर नेऊ नका, इंजिन बंद पडलं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.