टेल्मा-एएम आणि सातवा आठवडा (तातडीचं)

प्रेषक: ढोलपथक
मंडळी, पथकातल्या एकीला गरोदरपणाचा सातवा आठवडा. पुण्याहून आणलेली बीपीची गोळी, टेल्मा-एएम, रोज एक चालू आहे. जीपीची (इथल्या नेहमीच्या डॉक्टरांची) वेळ अकरा दिवसांनी. तोवर गोळी अर्धी करून घेतली तर?

प्रेषक: फार्मसीवाल्या ताई
अर्धी करून काही साधत नाही. त्या गोळीत दोन औषधं आहेत, टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ. मोडली की दोन्ही निम्मी होतात. नको आहे ते टेल्मिसार्टन. चौथ्या महिन्यापासून ते बाळाच्या मूत्रपिंडांना नडतं: लघवी कमी, त्यामुळे गर्भजल कमी, त्यामुळे फुप्फुसं वाढत नाहीत. रामिप्रिल, लोसार्टन, सगळे ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ त्याच माळेचे मणी. आजवर घेतल्या त्यांची धास्ती नको, मोठा धोका पुढचा आहे. पण मिडवाइफला (सुईणीला) सांगायचं.

अकरा दिवस थांबू नका. नाइसच्या (इंग्लंडमध्ये उपचारांचे नियम ठरवणारी संस्था) नियमावलीत गरोदरपण कळवल्यापासून शक्यतो दोन कामाच्या दिवसांत ही औषधं थांबवून दुसरी द्यायला सांगितलंय. फोनवर नुसतं ‘बीपीबद्दल बोलायचंय’ म्हटलंत तर रांगेतच राहाल. ‘गरोदर आहे, टेल्मिसार्टन चालू आहे’ असं म्हणा. ‘टेल्मा’ इथे कुणाला कळणार नाही, स्ट्रिपमागचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. आणि सगळंच बंद करून बसू नका, बदली गोळी त्याच फोनवर मागा.

प्रेषक: भजनी मंडळ
म्हणजे लॅबेटॅलॉल. सगळ्यांना तेच देतात.

प्रेषक: फार्मसीवाल्या ताई
सगळ्यांना नाही हो काकू! पहिली पसंती तीच, बहुधा १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा. पण दमा असेल तर नको, श्वासनलिका आवळते. मग सावकाश सुटणारी निफेडिपिन. ती चावायची किंवा मोडायची नाही. सगळं औषध एकदम सुटतं आणि बीपी धाडकन खाली येतं. दोन्ही जमल्या नाहीत तर मेथिलडोपा. तीही बाळंतपणानंतर दोन दिवसांत बदलतात, मन खचायची भीती असते म्हणून.

प्रेषक: सचिव
वैद्यकीय प्रश्न आरोग्य समितीच्या यादीवर पाठवायचे, असं वार्षिक सभेत ठरलं आहे. हॉलच्या किल्लीचा विषय यात बुडतोय.

प्रेषक: ग्रंथालय
त्या यादीवरची शेवटची मेल तिळगुळाची आहे.

प्रेषक: भजनी मंडळ
जळजळीला ज्येष्ठमध तरी चालेल ना?

प्रेषक: फार्मसीवाल्या ताई
नको. रोज घेतलं तर अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं.

बाराव्या आठवड्यापासून अ‍ॅस्पिरिनही लागेल, रोज ७५ ते १५० मिग्रॅ, प्री-एक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी चढून होणारा गंभीर आजार) टाळायला. काउंटरवर मिळणार नाही. या कारणासाठी चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. बदली गोळीच्या वेळीच तीही विचारून ठेवा.

प्रेषक: ढोलपथक
उद्या सकाळी आठला फोन करतो. मंडळाचं बीपीचं यंत्र मिळेल?

प्रेषक: ग्रंथालय
न्या, पण पट्ट्यावर २२ ते ३२ सेंमी छापलंय. दंड त्याहून जाड असेल तर आकडा उगाच चढा येतो.

प्रेषक: फार्मसीवाल्या ताई
आणि ते यंत्र गरोदरपणासाठी तपासलेलं आहे का, ते मॉडेलवरून बघा. पाच मिनिटं टेकून बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर. कुशीवर झोपून घेतलेला आकडा खोटा कमी येतो. उपचार चालू असताना १३५/८५ च्या आसपास हवं. १६०/११० दिसलं तर लगेच मॅटर्निटी ट्रायाजला (रुग्णालयातल्या गरोदर बायकांच्या तातडीच्या विभागाला) फोन. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणं, यातलं काही असेल तर आकडा कितीही असो, फोन करायचाच.

प्रेषक: ढोलपथक
यंत्राच्या कपाटाची किल्ली कुणाकडे?

प्रेषक: सचिव
हॉलच्या किल्लीच्याच जुडग्यात आहे. तेच तर विचारतोय दोन दिवस.