ध्यानाचं बाकडं घरीच करूया

ए-५०२ ताई: नमस्कार सोसायटीची मंडळी. इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना ध्यानाचं शिबिर करून आले. मांडी घालून बसताना पाय पार बधिर व्हायचे. शेवटी शेवटी एक छोटं लाकडी बाकडं मिळालं, गुडघे टेकून पाय त्याच्याखालून मागे घ्यायचे आणि वर बसायचं. पाठ न ताणता सरळ राहिली. आता घरी रोज सकाळ-संध्याकाळ तासभर बसायचं आहे. ऑनलाइन मिळतात, पण सगळी एकाच मापाची. सी विंगला सुताराचं काम चालू आहे, त्यांना विचारू का?

बी-२०३ दादा: ताई, सुतार कशाला, आपण इथेच करू. एक फळी आणि दोन पाय, एवढंच तर आहे. पण लाकूड आणायच्या आधी तुमची उंची काढायची. सगळी मेख तिथेच आहे. सागवान आणलं, पॉलिश मारलं आणि उंची चुकली, तर ते बाकडं आठवड्याभरात माळ्यावर जातं.

आज रात्री असं करा. गोधडीची घडी घालून त्यावर वज्रासनात या, पण टाचांवर टेकू नका. दोन्ही पावलांच्या मधे जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवा आणि त्यावर बसा. गठ्ठा सुतळीने घट्ट बांधा, नाहीतर अंक सरकतात. साधारण ६ इंचांपासून सुरुवात करा. पाच मिनिटांत काहीच कळत नाही, निदान वीस मिनिटं बसा. घोट्यावर आणि पावलाच्या वरच्या बाजूला ताण आला तर गठ्ठा कमी पडतोय, दोन अंक वाढवा. भार गुडघ्यांवर आला, कमरेत खळगा पडल्यासारखं वाटलं, तर जास्त झालंय, काढा. जमलं की शेवटी एक-दोन अंक फक्त मागच्या कडेखाली सारून बघा. बैठक पुढे किंचित उतरती झाली की कंबर पुढे कलते आणि कणा आपसूक उभा राहतो. उतार जास्त झाला तर माणूस पुढे घसरत राहतो, तेही लगेच जाणवेल.

ए-१०१ काका: माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. मला चालेल का हे?

बी-२०३ दादा: काका, तुम्ही नका बसू यावर. बाकड्याने घोट्यावरचा भार हलका होतो, पण गुडघा पूर्ण मुडपावा लागतोच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रयत्नही करू नका.

ए-५०२ ताई: काका, शिबिरात ज्यांना गरज असते त्यांना खुर्ची देतात. तुम्ही खुशाल खुर्चीत बसा, ध्यानात काही उणं पडत नाही.

सी-७०४ काकू: आमच्याकडे गावच्या घराची सागवानी फळी पडून आहे. दोन-अडीच फूट असेल, जाडी चांगली आहे. चालेल का?

बी-२०३ दादा: काकू, चालेल काय, सोनं आहे ते! तेवढ्यातून बसायची फळी निघेल. फक्त जुन्या लाकडात मोडलेले खिळे असतात. करवत लावायच्या आधी दोन्ही बाजूंनी चुंबक फिरवा आणि जिथे ओढेल तिथे खडूने खूण करा.

बी-६०१ (मुलगा): दादा, खाली पॅकिंगच्या लाकडाचे पॅलेट पडलेत. त्याचे पाय करता येतील ना?

बी-२०३ दादा: येतील, पण त्यावरचा शिक्का बघ. एचटी असेल तर उष्णता देऊन कीड मारलेली असते, ते घे. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेलं, त्याला हात लावू नकोस. शिक्काच नसेल तर तेही घेऊ नकोस. चांगलं नाही सापडलं तर रे रोडच्या वखारीतून पायांपुरता तुकडा आणू.

ए-५०२ ताई: बसून पाहिलं. मधोमध साडेसहा इंचांना अगदी छान वाटतं. काल पूर्ण तास बसले आणि एकदाही पाय हलवावासा वाटला नाही! मागे एक अंक सरकवल्यावर तर फारच बरं वाटलं.

बी-२०३ दादा: वा! मग हिशोब असा. साडेसहात फळीची जाडीही आली, ती वजा करायची. फळी रंधून पाऊण इंच राहील असं धरतो, म्हणजे पायाची उंची मधोमध पावणेसहा. पुढे सव्वापाच, मागे सव्वासहा. पायाची रुंदी ७ इंच ठेवू, ७ इंचांत १ इंच चढ म्हणजे साधारण ८ अंशांचा उतार. बसायची फळी २० इंच लांब, ८ इंच रुंद. बाकड्याचे पायही पाऊण इंच जाड, दोन्ही टोकांपासून एकेक इंच आत. मधे साडेसोळा इंच मोकळे राहतात, तुमचे पाय आरामात मागे जातात. वर उशी घेणार असाल तर आत्ताच सांगा, दबून जेवढी उरते तेवढी उंची कमी करावी लागेल.

एक गोष्ट मात्र नीट पाळायची. बसायच्या फळीच्या लाकडाच्या रेषा लांबीत आणि पायांच्या रेषा उभ्या. पायाच्या रेषा आडव्या ठेवल्या तर भार आला की पाय रेषेवरच तडकतो. शिवाय आपल्या जुलैच्या दमट हवेत लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने फुगतं. पायांच्या रेषा उभ्या असल्या की फळी आणि पाय दोन्ही रुंदीतच फुगतात, सोबत फुगतात, सोबत आकसतात, आणि सांधा टिकतो.

ए-४०१ ताई: मला गोराईच्या विपश्यना पॅगोडाला एक दिवसाच्या शिबिराला असं बाकडं न्यायला आवडेल. त्या बिनखांबाच्या घुमटाखाली बसायचं समाधान वेगळंच असतं. होडीत घेऊन चढायचं तर घडीचं होईल का?

बी-२०३ दादा: होईल. फेव्हिकॉल-स्क्रूऐवजी आतल्या बाजूने बिजागऱ्या लावायच्या. पाय आत मिटतात आणि बाहेरच्या बाजूला जात नाहीत, कारण पायाचं वरचं टोक फळीला अडतं. दोन पाय मिटून साडेबारा इंच, मधे जागा साडेसोळा, आरामात मावतात. बसलेलं असताना बाकडं ओढत सरकवू नका, उचलून ठेवा, नाहीतर पाय आत मिटेल. ताईंचं मात्र पक्कंच करू, दोन पायांच्या मधे फळीला चिकटून एक आडवी पट्टी देऊ म्हणजे कधी डुलणार नाही.

सेक्रेटरी काका: ड्रिलचं काम शनिवारी सकाळी १० ते १, गच्चीवर. दुपारी २ ते ४ आवाज नको, लहान बाळं आहेत इमारतीत. भुसा पोत्यात भरून खाली द्या, गटारात जाऊ देऊ नका.

बी-२०३ दादा: मान्य, काका. ड्रिल दहा-पंधरा मिनिटांचंच आहे. स्क्रूच्या आधी बारीक भोक पाडावंच लागतं, नाहीतर सागवानाच्या कडेला चीर जाते. फेव्हिकॉल लावून शिकंज्यात धरून रात्रभर ठेवू आणि रविवारी ८०, १२० आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासू. कडा चांगल्या गोल करायच्या, मांडीच्या मागच्या बाजूला पुढची कडच टोचते.

बी-६०१ (मुलगा): वर व्हार्निश मारायचं का?

बी-२०३ दादा: बंद फ्लॅटमध्ये त्याचा वास दिवसेंदिवस राहतो. जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात पुरे, पावसाळ्यात वाळायला वेळ लागेल एवढंच. पण तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नकोस रे. तशी ठेवली तर आतून तापून पेट घेतात. दोरीवर सुटी पसरून पूर्ण वाळव, मगच टाक. पायांच्या तळाला मात्र नमद्याचे तुकडे चिकटवू, टाइल्सवर लाकूड घसरतं.

ए-५०२ ताई: मी शनिवारी दहाला गच्चीवर येते. रविवारी घासायचं कामही माझं.

सी-७०४ काकू: फळी खाली वॉचमनकडे ठेवली आहे. चुंबक फिरवलं. एका टोकाला दोन ठिकाणी ओढतं, खडूने गोल केले आहेत. तेवढं टोक कापून टाकलं तरी वीस इंच सहज निघतील.