परिपाठात मुलांना मनातले बोलायला लावावे का?

प्रश्न: शिक्षिका, यवतमाळ जिल्हा
माझ्याकडे सहावीचा वर्ग आहे. वर्गातील एका मुलाच्या शेतकरी वडिलांनी यंदा आत्महत्या केली. ते प्रकरण शासकीय मदतीसाठी पात्र ठरणार की अपात्र, ही गावातील चर्चा आता वर्गातल्या मुलांच्या तोंडून त्याच्याही कानावर पडते. तो शाळेत रोज येतो, गृहपाठही पूर्ण करतो, मात्र मधल्या सुट्टीत कोणातही मिसळत नाही. सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या प्रशिक्षणात आम्हाला असे सुचवण्यात आले की, परिपाठात प्रत्येक मुलाने ‘आज मला कसे वाटते’ हे सर्वांसमोर सांगावे. या मुलाची पाळी आल्यावर मी काय करावे?

उत्तर: निवृत्त मुख्याध्यापक, वर्धा
मॅडम, त्याची पाळी येऊच देऊ नका. किंबहुना पाळी लावून भावना सांगण्याची ही पद्धत कोणाही मुलासाठी वापरू नये, असे माझे मत आहे. राग आल्यावर थांबावे कसे, दुसऱ्याचे म्हणणे ऐकावे कसे, हे गोष्टीतल्या पात्रांच्या आधाराने वर्गात शिकवता येते आणि त्यासाठी कोणाच्या घरची गोष्ट चव्हाट्यावर आणावी लागत नाही. पात्र-अपात्रची कुजबुज मात्र तुम्ही स्वतः थांबवायला हवी, आणि तीही तो मुलगा समोर नसताना. त्याला वाचनालयाच्या पेटीसारखे एखादे काम दुसऱ्या मुलाच्या जोडीने द्यावे.

उत्तर: समुपदेशक, अमरावती
सरांशी मी सहमत आहे, परंतु केवळ एवढ्यावर थांबू नये. त्याच्याशी एकांतात बोलावे आणि तो गप्प राहिला तर त्याला गप्प राहू द्यावे. झोप उडणे, जेवण कमी होणे, स्वतःला इजा करणे किंवा मरणाची भाषा बोलणे, यांपैकी काही आढळल्यास ‘जगू नये असे वाटते का?’ हे त्याला शांतपणे, सरळ विचारावे; असे विचारल्याने तो विचार मुलाच्या मनात नव्याने शिरत नाही. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नये, ही बाब गुप्त ठेवण्याचे वचन देऊ नये आणि त्याच दिवशी आईला व प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी मदतसेवेची १४४१६ ही निःशुल्क सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तेथे चोवीस तास मराठीतून बोलता येते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे.

उत्तर: शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य, यवतमाळ जिल्हा
ताई, सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू असताना आई सकाळीच वावरात जाते, त्यामुळे तिला शाळेत बोलावण्यापेक्षा संध्याकाळी आपणच घरी जावे आणि सोबत रजिस्टर नेऊ नये, कारण त्या घरी आधीच पुष्कळ जण कागद घेऊन येऊन गेलेले असतात. सरांच्या सांगण्यात मला एकच भर घालावीशी वाटते. वडिलांचे नावच कोणी काढले नाही, तर त्यांच्याविषयी बोलणे ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे, असा अर्थ मूल लावते. म्हणून ते कसे गेले हे न विचारता, ते त्याला शेतातले काय काय शिकवत असत, हे एकदा विचारून पाहावे.