ओरडणे, मोठ्याने बोलणे आणि आवाज मोठा असणे

बरेच दिवस डोक्यात असलेली एक शंका. माझं माहेर पुण्याचं, सासर इचलकरंजीचं. लग्नानंतर पहिले दोनतीन महिने मी रोज सकाळी धसकून उठायचे, बाहेरच्या खोलीत सासरे आणि चुलतसासरे कडाकडा भांडतायत असं वाटायचं, आणि बाहेर येऊन बघावं तर विषय काय, तर शेंगदाण्याची चटणी संपलीये. "आगं च्या टाकलास का न्हाई" हे वाक्य तिथे ज्या पट्टीत म्हणतात त्या पट्टीत आमच्याकडे फक्त चोर शिरला तरच कुणी बोलेल. एकदा मी नवऱ्याला म्हटलं, बाबा केवढे ओरडतात रे, तर तो खरंच दुखावला, म्हणाला तुला आजवर एकदा तरी ओरडलेत का ते? आणि त्याचं बरोबरच होतं, मी आवाजाबद्दल बोलत होते, त्याने ऐकलं रागाबद्दल. तर प्रश्न असा, की राग नाही, तक्रार नाही, माणूस नुसता मोठ्या आवाजात बोलतोय, याला मराठीत साधं क्रियापद आहे का? ओरडणे, केकाटणे, कोकलणे, खेकसणे, डाफरणे, सगळ्यात काहीतरी वाकडं आहेच.

—

ओरडण्यात आवाज असायलाच हवा असंही नाही! "मॅडम ओरडल्या" म्हणजे रागावल्या, मग ते अगदी दबक्या आवाजात का असेना. आमचा साहेब तर ईमेलवर ओरडतो. पोरं "ओरडा बसला" म्हणतात. आणि "बोलणी खाल्ली" बघा, तिथे नुसतं बोलणंच रागावणं झालंय. हिंदीत चिल्लाना वेगळं, डाँटना वेगळं, आपल्याकडे दटावणे, खडसावणे, झापणे एवढे शब्द पडलेत तरी रोजच्या बोलण्यात एकट्या ओरडण्यावरच दोन्ही कामं टाकलीत, म्हणून "ओरडू नका" म्हटलं की समोरच्याला "आवाज कमी करा" असं ऐकूच येत नाही, "चिडू नका" असंच ऐकू येतं आणि मग तो खरंच चिडतो.

त्यात "हळू"चा घोळ वेगळाच. हळू म्हणजे सावकाश पण आणि कमी आवाजात पण. (जोरातचंही तेच, गाडी पण जोरात आणि गाणी पण जोरात.) आजीला कमी ऐकू यायला लागलं तेव्हा डॉक्टर म्हणाले हिच्याशी जरा हळू बोलत जा, आम्ही आठवडाभर तिच्या कानाशी कुजबुजत होतो.

—

बोंबलणे यादीतून राहिलं की तुमच्या. पण ते उपयोगाचं नाहीच, बोंब म्हणजे तोंडावर हात मारून ओरडणं, होळीला मारतात ती. संकट नाहीतर शिमगा. "पाण्याची बोंब आहे" म्हणतो तेव्हा तर आवाज पूर्णच गेला आणि नुसती टंचाई राहिली.

—

ताई, इचलकरंजी म्हणजे यंत्रमागांचं गाव, तुमच्या सासऱ्यांचे माग होते का? किंवा मागावर कामाला होते का? विचारतोय कारण माझे आजोबा लालबागला, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावरच. धोट्याचे माग जिथे चालू असतात तिथे आवाज नव्वद डेसिबलच्या वरच असतो, आणि कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला मर्यादाच 90 ची आहे. तिथे तीसतीस वर्षं काढलेला माणूस घरी येऊन काय कुजबुजणार? एक तर कान गेलेला असतो, स्वतःचा आवाज स्वतःलाच कमी येतो. दुसरं म्हणजे भोवती गोंगाट असला की माणूस आपसूक आवाज चढवतो, ठरवून नाही, आपसूक. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1911 मध्ये हे मांडलं, त्याच्या नावानेच ओळखतात. तिकडे इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांतल्या बायकांनी तर ओरडणंच सोडलं होतं, ओठ मोठेमोठे हलवून बोलायच्या आणि एकमेकींचे ओठ वाचायच्या. आमच्या आजोबांना मात्र 82 च्या संपानंतर घरी बसल्यावरसुद्धा तोच आवाज राहिला, आणि चाळीतले नवे भाडेकरू म्हणायचे, म्हातारा तापट आहे. तापट कसला, मुंगीला घाबरायचा. पण गावाचा स्वभाव, जातीचा स्वभाव असं काय काय लोक चिकटवतात त्यात अर्धं तरी धंद्याचं असतं बघा. मासळी बाजार म्हणतो आपण, हो, पण लिलाव काय कानात सांगून करायचा?

—

मालवणकडचा आहे. आमच्याकडे कुकारो घालतात, म्हणजे एका वाडीतून दुसऱ्या वाडीतल्याला लांबून "कूऽऽ" करून हाक. देशावर तीच हाळी. यात राग अजिबात नाही, ज्याला हाळी दिली तो उलट खूश होतो. आरोळी, साद, हाक, सगळे असेच. पण हे सगळे एकदाच मारायचे आवाज आहेत, अख्खं संभाषण काय कुणी कुकारो घालून करत नाही. म्हणजे मोठ्यानं *बोलावण्याला* चांगले शब्द आहेत, मोठ्यानं *बोलण्याला* नाहीत.

—

जर्मनीत राहतो. इथे रात्री दहानंतर आणि रविवारी शांतता पाळायची असते. आई आली होती, मी आणि ती स्वयंपाकघरात लोणच्याच्या मिठावरून बोलत होतो, दुसऱ्या दिवशी खालच्या आजींनी जिन्यात फार काळजीने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. परकी भाषा कानावर पडली की अर्थ गाळला जातो, चढउतार तेवढा उरतो, मग ते भांडणच वाटतं. आपण तरी काय वेगळं केलंय, तमिळ ऐकू आलं की डब्यात खडे घालून वाजवल्यासारखं, यंडुगुंडू, हे मी लहानपणी घरातच ऐकलंय आणि तेव्हा हसलोय पण.

बाकी आपल्याकडे 2000 सालच्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा मर्यादा 55 डेसिबल आहे, आणि साधं समोरासमोर बोलणंच साठच्या आसपास जातं. सगळेच गुन्हेगार.

—

विशेषणांकडे पण बघा जरा. पुरुषाचा आवाज मोठा असला की पहाडी, भारदस्त, खणखणीत. बाईचा असला की कर्कश, चिरका, आणि वर "बाईचा आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ नये". मी शाळेत शिकवते, पन्नास पोरांच्या वर्गात पंख्याच्या खडखडाटात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं असतं, घरी आले की सासूबाई म्हणतात इथे वर्ग नाहीये. त्यांचा मुलगा मॅच बघताना जो आवाज काढतो त्याला मात्र उत्साह म्हणतात!!

—

धागा मीच काढलाय म्हणून सांगते. हो, माग होते, आठ, घराच्या खालीच, मोडीत काढूनही बारा वर्षं झाली. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तोवर मला एवढंच सुचलं होतं की "ते मोठ्याने बोलतात" न म्हणता "त्यांचा आवाज मोठा आहे" म्हणावं, म्हणजे उंची असते तसा. काल हिंमत करून सासऱ्यांनाच विचारलं, तुमच्या असल्या बोलण्याला काय शब्द आहे, तर म्हणाले, "बोलणं! दुसरं काय? तुमच्यात बोलत्यात त्याला काय म्हणत्यात ते आदी सांग." मी विचार करत बसले. पुटपुटणे, कुजबुजणे, तोंडातल्या तोंडात बोलणे, गुळमुळीत, मिणमिणीत. एक धड निघेना. आतून सासूबाईंचा आवाज आला, त्या तर पहिलं वर्षभर मला घुमी समजत होत्या म्हणे.